कारण सांगणाऱ्यांचं गाव

वणीत एप्रिल लागला की दुखण्याचं कारण शोधायला डॉक्टरची गरज उरत नाही. ताप आला? ऊन लागलं. चक्कर आली? ऊन लागलं. पोरगा नापास झाला? पेपरच्या वेळी ऊन लागलं. पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकतो, मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास नऊ तापत्या दिवसांचा नवतपा बसतो, कूलर गार वाऱ्याऐवजी नुसती ओली फुंकर मारतो आणि भर दुपारी रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि लग्नाच्या वराती एवढंच काय ते उरतं. या दोघांना थांबवायची ताकद सूर्यनारायणातही नाही.

अशा ऐन नवतप्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी मागे वळून पाहिलं, कोणी वाचत तर नाही ना. आपल्याकडे हृदयविकाराला मान आहे. बायपास झालेला माणूस पंगतीत शर्टाची बटणं काढून टाके दाखवतो आणि लोक जिलेबी हातात धरून ते पाहतात. गुडघेदुखीवाल्याला सहानुभूती मिळते, शिवाय खुर्ची मिळते. पण कमरेच्या खाली आणि गुडघ्याच्या वर काही बिघडलं की चांगला बोलका माणूससुद्धा तोतरा होतो. "जरा ते हे होतंय." "कुठे?" "तिकडे." "कधी?" "जाताना." 'जाताना' ऐकून माझ्या मेहुण्यानं मला चप्पल बदलायचा सल्ला दिला.

तरी गुप्तता पाळायचं मी ठरवलं होतं. ती सकाळी सातपर्यंत टिकली. आमचं न्हाणीघर मागच्या अंगणात. आत माझ्या तोंडून जो 'स्स्स' निघाला, तो तुळशीला पाणी घालणाऱ्या आईनं ऐकला.

"उन्हाळी लागली तुले," ती बाहेरूनच म्हणाली.

"काही नाही गं."

"मंग आत साप आहे का?"

आई माहेरची झरी-जामणीकडची. तिच्या वैद्यकशास्त्रात रोग दोनच, एक उष्णता आणि दुसरी थंडी. त्यातल्या थंडीला वणीत फारसं काम नाही. तासाभरात सब्जा भिजला, धने-जिऱ्याचं पाणी गाळलं गेलं, खडीसाखरेचा खडा तोंडात आला. इथवर माझी तक्रार नव्हती. पण मग तिनं चंचीतून ओला चुना काढला आणि माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या नखांवर थापला.

"आई, दुखणं कुठे आणि चुना कुठे?"

"तेथूनच उतरते उष्णता. हालू नोको."

चुन्याला आमच्याकडे तोटा नाही. जवळच राजूरला चुनखडी भाजायच्या भट्ट्या आहेत. जमिनीखाली कोळसा आणि शेजारी चुना, म्हणजे आग आणि तिच्यावरचा उतारा देवानं एकाच तालुक्यात देऊन ठेवलेत, असं आईचं मत. आजवर पुष्कळांनी मला चुना लावला. पण इतका समोर बसवून, इतक्या मायेनं कोणी लावला नव्हता. ऑफिसात पोचलो तेव्हा शिपायानं माझ्या चपलेकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, नेलपॉलिश लई भारी."

नखं पांढरी का, हे सांगावं लागलं आणि उरलीसुरली गुप्तता तिथेच संपली. त्यानंतर जो भेटला त्यानं कारण सांगितलं. गंमत अशी, की प्रत्येकाला माझ्या जळजळीत स्वतःचं गाऱ्हाणं सापडत होतं. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले शेजारचे काकाजी म्हणाले, "रात्रपाळी!" मी आयुष्यात रात्रपाळी केलेली नाही, हे त्यांच्या निदानाच्या आड आलं नाही. घर बांधून कर्जात बुडालेल्या सहकाऱ्यानं वास्तुदोष काढला, "न्हाणीघर ईशान्येला आहे ना? मंग जळनारच." मेहुण्याच्या मते सगळा दोष भरल्या वांग्यांचा. त्याच्या बायकोला दुसरी भाजी येत नाही.

इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी तर मला थेट इंग्रजांच्या ताब्यात दिलं.

"इंग्रजांच्या राज्यात हा अख्खा जिल्हा वणीच्या नावानं ओळखला जायचा, ठाऊक आहे? ते त्याला 'वून' म्हणत. १९०५ साली नाव बदलून यवतमाळ केलं."

"पण सर, याचा माझ्या..."

"वणीकराची जळजळ जुनी आहे, एवढंच सांगतो. आणि लोकनायक बापूजी अणे जन्मले त्या गावचा माणूस तू. जळजळ होते म्हणून सब्जा पितोस? निवेदन दे!"

कोणाला द्यायचं हे मी विचारलं नाही.

पुतण्या आयुर्वेदाच्या कॉलेजात आहे. तो सुट्टीत आला होता. त्यानं माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, याला मूत्रकृच्छ्र म्हणतात. चरकानं याचे आठ प्रकार सांगितलेत." मला पहिल्यांदाच आपण योग्य हातात आहोत असं वाटलं. "मग माझा कोणता?" पुतण्यानं डोळे उघडले. "मी अजून पहिल्याच वर्षाला आहे, काका." मात्र पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर बांधायची, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. आईनं फाल्गुनात वाळवून ठेवलेली फुलं होतीच. त्या दिवसापासून मी वरून पळस, खालून चुना आणि आतून सब्जा असा बसायला लागलो.

आणि शिवांबूवाले. असे एक गृहस्थ प्रत्येक गावात असतात. आमचे सकाळच्या फिरण्यात भेटतात. "मोरारजीभाई देसाई!" ते लांबूनच ओरडले. "देशाचे पंतप्रधान! रोज स्वतःचंच घ्यायचे. १८९६ चा जन्म, १९९५ ला गेले. नव्याण्णव वर्षं!"

"पण काका, त्यांना जळजळ नव्हती ना?"

"नव्हतीच! का नव्हती, त्याचा विचार कर."

मी विचार केला. मोठ्या मुश्किलीनं जी जळजळ बाहेर पडते आहे तीच पुन्हा वरून आत सोडायची, म्हणजे घरातलं मांजर पुढच्या दारानं हाकलून मागच्या दारानं आत घेणं. शिवाय मोरारजीभाई दारूबंदीवाले, उपासवाले, पहाटे उठणारे. नव्याण्णवाचं सगळं श्रेय एका पेल्याला देणं मला पटेना.

शेवटी मी औषधाच्या दुकानात गेलो. कोणत्या ते विचारू नका, त्या रस्त्यानं मी अजून जात नाही. संध्याकाळची गर्दी, आणि नेमक्या आमच्या साहेबांच्या सौभाग्यवती पुढे उभ्या. मी दुकानदाराच्या कानाशी वाकलो.

"जळजळ होते आहे."

"छातीत?"

"खाली."

"पोटात?"

"आणखी खाली."

"तळपायाले?"

मी डोळ्यांनी मधला मुक्काम सुचवला. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो त्यानं स्वतःपाशी ठेवला नाही. "अरे छोटू, सायबाले लघवीचं दे रे, ते गुलाबी!" सौभाग्यवतींनी इतक्या मन लावून बेबी पावडरचा डबा वाचायला घेतला, की त्यावर कादंबरी छापलेली असावी. गुलाबी औषधाबरोबर दुकानदारानं कात्रीनं कापलेल्या चार गोळ्याही दिल्या. गोळीचं नाव आणि मुदत पट्टीच्या ज्या भागावर असते, तो भाग नेहमीप्रमाणे दुकानातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून मी किंचाळत बाहेर आलो. सगळं भगवं झालं होतं. साधं पिवळं नव्हे, गर्द केशरी, होळीच्या रंगासारखं.

आईनं शांतपणे येऊन पाहिलं. "पळस उतरला," ती म्हणाली. "आता बरं वाटन."

आणि खरोखर बरं वाटत होतं! पळसानं आतपर्यंत रंग सोडल्याच्या आनंदात मी पुतण्याला फोन केला. त्यानं ती हकीकत वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकली. डॉक्टरांकडून पुढे कळलं, की तो पराक्रम कापलेल्या गोळ्यांचा होता. त्या जातीची एक गोळी लघवीच्या मार्गाची आग तात्पुरती बधिर करते आणि जाता जाता सगळं केशरी रंगवते. कारणाला ती बोटही लावत नाही. म्हणजे घराला आग लागलेली तशीच, फक्त घंटा बंद.

ही घंटा पुन्हा वाजायला लागली ती नेमकी नागपूरच्या बसमध्ये. भाच्याचं लग्न होतं. बायको खिडकीशी, मी कडेला. वणी सोडून थोडं पुढे गेलो आणि मला कळून चुकलं, की हा प्रवास मी आणि बस एकाच वेगानं करणार नाही. मी कंडक्टरपाशी गेलो.

"भाऊ, जरा गाडी थांबवता?"

"वरोऱ्याले थांबते ना."

"वरोऱ्यापर्यंत मी थांबत नाही."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, घंटीची दोरी ओढली आणि गाडी एका उघड्या माळावर उभी राहिली. झाड नाही, झुडूप नाही, समोरून ट्रकांची रांग. मी शरमेनं खाली मान घालून उतरलो, तर माझ्यामागे अर्धी बस उतरली! ज्यांनी मघाशी माझ्याकडे कुत्सित पाहिलं होतं ते, सुपारी चघळणारे दोघे, स्वतः ड्रायव्हर. सगळ्यांना केव्हाची लागली होती. कोणीतरी आधी बोलायची वाट पाहत होते. रांगेनं उभ्या राहिलेल्या त्या समुदायाकडे पाहून मला आपण एखादी चळवळ सुरू केल्यासारखं वाटलं. परत आल्यावर तीन अनोळखी माणसांनी मला नमस्कार केला. बायका मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या पलीकडच्या खिडकीतून दूरवर काहीतरी पाहत होत्या. पलीकडे काहीच नव्हतं.

लग्नाहून परतल्यावर बायकोनं मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले आहेत, पण प्रश्न फार विचारतात. गावातल्या कोणीही मला एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता, सगळ्यांनी थेट उत्तरंच दिली होती. त्यामुळे सवय मोडली होती.

"ताप येतो? थंडी वाजते?"

"नाही."

"पाठीत, बरगड्यांच्या खाली दुखतं? लघवीतून रक्त? धार बारीक होते? रात्री किती वेळा उठता? घरात कोणाला शुगर?"

मी भराभर उत्तरं देत गेलो. मग डॉक्टरांनी घसा खाकरला, पेनाचं टोपण लावलं, काढलं. "आणि... बाहेर कुठे काही?"

"बाहेर? हो, परवाच मारेगावला जाऊन आलो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं आणि मग प्रश्नाचा अर्थ माझ्या अंगावर कोसळला. "नाही नाही! मारेगावला पंचायत समितीत काम होतं!" हा खुलासा मी घरी पोचेपर्यंत करत होतो. पण डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. संबंधातून लागणारे काही संसर्गही अशीच आग करतात, म्हणून विचारावंच लागतं. बायको बाहेर बसल्यावर विचारलं असतं तर माझं रक्त थोडं कमी आटलं असतं, एवढंच.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत साधा होता. "दिवसभरात पाणी किती पिता?"

"पितो की."

"किती?"

"चहा धरून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग मी खरं ते सांगितलं. ऑफिसच्या संडासाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई चहाला असतो. किल्ली मिळाली तर पाणी नसतं, पाणी असलं तर कडी नसते. त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आपण त्या दिशेला जायचंच नाही, असं मी वर्षानुवर्षं ठरवलेलं. टेबलावर पाण्याची बाटली असते, पण ती येणाऱ्या-जाणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून.

"या उन्हात पाणी घामावाटे जातं," डॉक्टर म्हणाले, "जे थोडं उरतं ते घट्ट होतं आणि टोचतं. ते तुम्ही आठ तास कोंडून ठेवता, म्हणजे जंतूंना ऊबही मिळते आणि सवडही. पण नुसत्या बोलण्यावर मी औषध देणार नाही. लघवी तपासा, कल्चर करा, सोनोग्राफी करून या. खडा असेल, प्रोस्टेट असेल, शुगर असेल. पुरुषाला या वयात जळजळ झाली तर मागे काही दडलंय का ते पाहावं लागतं."

लॅबवाल्यानं जी बाटली दिली तिचं तोंड पाहून ती माझ्या वयाच्या माणसासाठी बनवलेली नाही हे उघड होतं. त्यात सूचना अशी, की सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली घ्यायची, शेवटची पुन्हा सोडायची. इकडे धार कधी येते याचाच भरवसा नाही आणि तिची सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन अंक पाडायचे! कसंबसं जमवून, बाटली पारदर्शक पिशवीत घालून मी निघालो, तर चौकात काकाजी.

"मध का?"

माझ्या तोंडून काहीतरी "हूं" निघालं.

"मेळघाटचा?"

"नाही. घरचाच."

"वा! रंग चांगला आहे. मले एक शिशी ठेवजो बरं."

सोनोग्राफीचं मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं, आजच सांगतो. तिथला नियम असा, की मूत्राशय भरलेलं पाहिजे. ज्या माणसाची तक्रारच लघवी ही आहे, त्याला लिटरभर पाणी पाजतात, वर म्हणतात, "रोखून धरा. जोरात लागली की सांगा." मी दहाव्या मिनिटाला सांगितलं. बाई म्हणाल्या, "नंबर यायचाय." माझ्या आधी सात-आठ गरोदर बायका. त्या निवांत बसलेल्या, मी एका पायावर. समोर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. १९९४ च्या कायद्यानं लावलेली ती पाटी इतक्या भक्तिभावानं कोणी वाचली नसेल. उलटी वाचली, अक्षरं मोजली, एक वेलांटी चुकलेली सापडली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कितवा महिना?" मी म्हणालो, "मे." त्या सुनेबद्दल विचारत होत्या.

अखेर आत गेलो. पोटावर तो गार डिंक, त्यावर ते यंत्र, आणि यंत्र नेमकं जिथे दाबू नये तिथे दाबलेलं. "अजून थोडं भरायला पाहिजे," आतले डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि आहे त्यावर भागवलं. मग म्हणाले, "आता मोकळे होऊन या, शिल्लक किती राहते ते पाहू." बँकेत शिल्लक किती राहते हे मी आजवर कोणाला दाखवलं नव्हतं, इथे ती पडद्यावर मापून निघाली.

निकाल असा. खडा नाही. साखर ठीक. प्रोस्टेट 'वयाप्रमाणे थोडी वाढलेली'. जळजळीपेक्षा हा 'वयाप्रमाणे' जास्त झोंबला. आणि दोन दिवसांनी आलेल्या कल्चरमध्ये आरोपीचं नाव होतं, ई. कोलाय.

"कोल?" काकाजी उसळले. "मी पैल्या दिवशीपासून सांगून रायलो, कोळशाचं प्रकरण आहे!"

कोळशाचा काही संबंध नव्हता. थिओडोर एशेरिक नावाच्या डॉक्टरानं १८८५ साली या जंतूचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शीमधून शोधून. त्या एशेरिकवरून ते आद्याक्षर. हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो, तिथे निमूटपणे नांदतो. शेजारच्या मार्गात शिरला की मात्र आग लावतो. लघवीच्या मार्गाचे बहुतेक संसर्ग त्याचेच. ऊन, रात्रपाळी, ईशान्य दिशा, वांगी आणि इंग्रज सरकार हे सगळे निर्दोष सुटले. आरोपी घरचाच निघाला, मधासारखा.

आईनं अहवाल ऐकून घेतला. "पण जंतू वाढला काऊन? उन्हानंच ना?"

मी डॉक्टरांचं बोलणं आठवलं. घाम, घट्ट लघवी, कोंडलेले तास. आईचं अर्धं बरोबर होतं. अडचण अशी, की आईला अर्धं बरोबर कधीच पुरत नाही.

जंतूवर कोणती गोळी चालते हे कल्चरमध्येच लिहून येतं, ती डॉक्टरांनी दिली आणि दोन दिवसांत आग थांबली. त्याबरोबर श्रेयाची आग लागली. आईनं चुन्याचं नाव घेतलं, पुतण्यानं पळसाचं. शिवांबूवाले काका मला गुपचूप बाजूला घेऊन म्हणाले, "घेतलास ना शेवटी? मला कळलं." वास्तुवाला सहकारी तर न्हाणीघराचं दार फिरवल्याबद्दल अभिनंदन करून गेला. दार वाऱ्यानं मोडलं होतं. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की आता बरं वाटतंय ना, मग बाकीच्या गोळ्या कशाला खायच्या? गोळ्या गरम पडतात.

त्या रात्री गोळ्या घेऊ की नको, असा मी मोठ्यानं विचार करत होतो. बायको कपड्यांच्या घड्या करत होती.

"मुकाट्यानं घ्या," ती म्हणाली. "मी मागच्या वर्षी अर्ध्यावर सोडल्या होत्या. महिन्याभरात पुन्हा सुरू झालं."

"तुला? तुला कधी झालं होतं?"

"चारदा तरी झालं असेल आजवर."

"मग बोलली नाहीस?"

"कोणाशी? तुम्ही पेपर वाचत होता. धने-जिऱ्याचं पाणी पिऊन मी पोळ्या लाटायला बसले. तुम्ही एकदा 'स्स्स' केलं तर अख्खं गाव गोळा झालं."

मी काही बोललो नाही. तिनं टॉवेलची घडी घातली.

"त्या दिवशी बसमध्ये मलाही लागली होती. नागपूरपर्यंत रोखली."

"अगं, मग सांगायचं ना! गाडी उभीच होती."

"आणि उतरून करायचं काय? माळावर उभं राहायचं?"

वरोऱ्याला का नाही उतरलीस, हे मी विचारणार होतो. पण तिथे गाडी थांबली तेव्हा मी रसवंतीवर उसाचा रस पीत होतो हे आठवलं आणि गप्प राहिलो. मग तिनं सांगितलं, की आठवडी बाजाराला जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. तिची बहीण शाळेत शिकवते, तीही पीत नाही. मालेगाव असो, मारेगाव असो, बाजारात पुरुषाला कुठलीही भिंत चालते. बाईला कडी लागणारं दार लागतं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट. जंतूला तिच्याकडचा रस्ता जवळचा पडतो. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. म्हणजे जिला पाण्याची आणि दाराची जास्त गरज, तीच पाणी सोडून बसते. मुंबईत २०११ साली बायकांनी यासाठी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली, कारण मुताऱ्या पुरुषांना फुकट होत्या आणि बायकांकडून पैसे घेतले जात होते. मी माळावर जी चळवळ सुरू केल्याचं समजत होतो, तिच्यात बायका नव्हत्याच.

इतिहासाच्या सरांचं मी शेवटी ऐकलं. निवेदन दिलं. ऑफिसात किल्लीसाठी एक, नगरपरिषदेत बाजारातल्या महिलांच्या स्वच्छतागृहासाठी एक. दुसऱ्यावर गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेतल्या. सही करताना एकेक जण हळूच बायकोला काहीतरी सांगत होती आणि ती मान हलवत होती. काय सांगत होत्या ते मला कोणी सांगितलं नाही. किल्ली आता खिळ्याला टांगलेली असते. नगरपरिषदेच्या निवेदनाची पोच मिळाली आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखलं, उलट्या झाल्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर सब्जा भिजवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईनं साध्या जळजळीलाही लगेच जावं. दुकानातून कापलेल्या गोळ्या आणू नका, लिहून दिलेल्या अर्ध्यावर सोडू नका. पाणी प्या आणि लागली की जा. आणि घरातली बाई बाजाराला निघताना तांब्या तोंडाला न लावताच निघत असेल, तर तिला कारण विचारा; सांगायला लागू नका.